साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : २४ डिसेंबर १८९९, पालगड, रत्नागिरी जिल्हा; मृत्यू : ११ जून १९५०, मुंबई) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि समाजवादी कार्यकर्ते होते. 'श्यामची आई' या पुस्तकामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग खानदेशात, विशेषतः तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात गेला. अमळनेर हे त्यांचे कार्यकेंद्र होते.

राजकारणात ते काँग्रेसमध्ये आले, समाजवाद्यांच्या सहवासात वाढले, काही काळ कम्युनिस्टांसोबत शेतकरी-कामगारांत वावरले आणि स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांबरोबर काँग्रेसबाहेर राहिले. ईश्वरावरील श्रद्धा, गांधीजींची अहिंसा, आर्थिक समतेचा आग्रह आणि जातिभेदाचा तीव्र विरोध या चार गोष्टी त्यांच्या विचारात एकत्र होत्या. त्या चारही गोष्टींना सारखेच स्थान देणारा पक्ष त्या काळी नव्हता. त्यामुळे प्रत्येक पक्षाशी त्यांचे नाते जवळचे असले तरी ते पूर्ण जुळलेले नव्हते.

बालपण आणि शिक्षण

साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव यशोदाबाई. घराण्याकडे खोतकी होती. आजोबांच्या काळातील संपन्नता वडिलांच्या वेळेपर्यंत ओसरली आणि घर कर्जात बुडाले. सावकारी, जप्ती आणि आप्तांतील भांडणे यांचा अनुभव पांडुरंगाला लहानपणीच आला. १९१७ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते.

त्यांचे शिक्षण पालगड, दापोली, औंध आणि पुणे येथे झाले. पुण्यात नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले आणि न्यू पूना कॉलेजातून (पुढील सर परशुरामभाऊ महाविद्यालय) पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतील बराच काळ त्यांनी अर्धपोटी आणि इतरांच्या आश्रयाने काढला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. ही संस्था गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये उभी राहिली होती. वेदान्ताचा अभ्यास हा तिचा मुख्य विषय होता. गुरुजींनी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम.ए. केले, परंतु केवळ ग्रंथांतील अद्वैतावर त्यांचे समाधान झाले नाही.

अमळनेर येथील शिक्षकी जीवन

१९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. वसतिगृहात खानदेशातील खेड्यांतून आलेली, वेगवेगळ्या जातींची आणि आर्थिक स्थितींची मुले राहत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही कामे गुरुजी स्वतः करीत. रागावण्याऐवजी स्वतः काम करून दाखवावे, ही त्यांची शिकवण्याची रीत होती.

वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. देशभक्तांची चरित्रे, इतिहासातील प्रसंग आणि चालू घडामोडी यांची माहिती मुलांना या लेखनातून मिळे. शिक्षकी पेशातील या सहा वर्षांमुळे 'गुरुजी' हे संबोधन त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले.

सविनय कायदेभंग आणि तुरुंगवास

मिठाच्या सत्याग्रहास आरंभ झाल्यावर १९३० मध्ये गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि खानदेशात प्रचारास सुरुवात केली. मे महिन्यात त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. प्रथम धुळ्याच्या आणि नंतर तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. तिरुचिरापल्लीत दक्षिणेतील अनेक भाषांचे सत्याग्रही होते. एकाच ध्येयासाठी तुरुंगात आलेल्या माणसांना एकमेकांची भाषा, साहित्य आणि चालीरीती ठाऊक नसतात, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तमिळ शिकण्यास प्रारंभ केला आणि पुढे तिरुवळ्ळुवराच्या 'कुरल' या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. गांधी-आयर्विन करारानंतर १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली.

१९३२ मध्ये चळवळ पुन्हा सुरू होताच ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात गेले. तेथे विनोबा भावे बंदी होते. विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ही अठरा प्रवचने साने गुरुजींनी जलद गतीने लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यांच्या या टिपणांमुळेच उपलब्ध झाला. विनोबांचा संस्कार गुरुजींवर आयुष्यभर राहिला.

त्यानंतर त्यांना नाशिकच्या तुरुंगात हलविण्यात आले. फेब्रुवारी १९३३ मध्ये तेथे त्यांनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिले. त्याच काळात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे आणि एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण राजबंदी होते. राजकीय स्वातंत्र्याबरोबर आर्थिक समतेचाही कार्यक्रम काँग्रेसने स्वीकारावा, यासाठी काँग्रेसमध्येच एक गट असावा, ही कल्पना या तुरुंगातील चर्चांतून आकारास आली. तिच्यातून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. धुळ्यातील गीता आणि नाशिकमधील समाजवाद हे दोन्ही संस्कार गुरुजींच्या विचारात शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिले.

फैजपूर अधिवेशन

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन होय. गांधीजींच्या इच्छेनुसार ते शहराबाहेर घेण्याचे ठरले. चित्रकार नंदलाल बोस यांनी स्थानिक साहित्यातून अधिवेशनाच्या नगरीची सजावट केली. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासह खानदेशातील अनेक कार्यकर्ते तयारीसाठी राबले. साने गुरुजींनी गावोगाव फिरून लोकांना अधिवेशनाचे महत्त्व समजावून सांगितले आणि स्वयंसेवक मिळवले.

शेतसारा, खंड आणि कर्ज यांचा भार हलका करण्याविषयीचा शेतीविषयक कार्यक्रम या अधिवेशनात मांडला गेला. खानदेशातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा विषय जिव्हाळ्याचा होता. तापी आणि तिच्या उपनद्यांच्या काठची काळी जमीन कापसाला उत्तम. परंतु बहुतेक शेती पावसावर अवलंबून होती. चाळीसगावपासून पाचोरा, पहूर, जामनेरपर्यंतच्या पट्ट्यात शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न कापसाच्या भावावर ठरत असे. मंदीच्या वर्षांत कापसाचे भाव कोसळले, तरी सारा आणि सावकाराचे व्याज रोखीत भरावे लागे. फैजपूरच्या ठरावांनी या वर्गात मोठी अपेक्षा निर्माण केली. पुढील दोन-तीन वर्षांतील गुरुजींचे राजकारण या अपेक्षेभोवती फिरले.

'काँग्रेस' साप्ताहिक आणि स्वपक्षाच्या सरकारशी मतभेद

१९३७ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. एप्रिल १९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेर येथून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. पत्राचे नाव पक्षाचे असले, तरी त्यातील भूमिका पक्षाच्या मंत्रिमंडळाची पाठराखण करणारी नव्हती. शेतकरी, कामगार, अस्पृश्य मानलेल्या जाती आणि आदिवासी यांचे प्रश्न त्यात प्रामुख्याने येत. लेख, गाणी, गोष्टी आणि वृत्तान्त यांचा बराच भाग गुरुजी स्वतः लिहीत.

त्याच सुमारास अतिवृष्टीने खानदेशातील पिकांचे नुकसान झाले आणि साऱ्यात सूट मिळण्याचा प्रश्न उभा राहिला. रयतवारी पद्धतीत सारा जमिनीवर ठरलेला असे. पीक आले किंवा बुडाले तरी तो बदलत नसे. सूट किंवा तहकुबी मिळणे हे आणेवारीवर अवलंबून होते. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून गावाचे पीक किती आणे आले, याचा अंदाज महसूल खात्याचे अधिकारी करीत. अंदाज एक-दोन आण्यांनी अधिक धरला गेला, तरी गावाची सवलत हुकत असे. साहजिकच सरकारी अंदाज आणि शेतकऱ्याचा अनुभव यांत नेहमी अंतर पडे. गुरुजींनी खेड्यापाड्यांत सभा घेऊन साऱ्याच्या सुटीची मागणी केली.

ही मागणी परकीय सरकारकडे असती तर ती काँग्रेसच्या परंपरेला धरूनच ठरली असती. परंतु प्रांताचा कारभार आता काँग्रेसच्याच मंत्र्यांकडे होता. पक्षातील अनेकांना वाटे, की आपल्या मंत्रिमंडळास अवधी द्यावा, त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात आणि विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नये. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मंत्रिमंडळाचे अधिकार १९३५ च्या कायद्याने मर्यादित होते आणि अल्प काळात त्याने १९३९ चा कूळ कायदा व शेतकरी कर्जनिवारण कायदा यांसारखे कायदे केले. गुरुजींची भूमिका वेगळी होती. काँग्रेस ही शेतकऱ्यांची संघटना असेल, तर शेतकऱ्यांची तक्रार सरकारपर्यंत नेणे हे काँग्रेसजनाचेच काम आहे, असे ते मानत. पक्षातून बाहेर न पडता त्यांनी पक्षाच्या सरकारवर टीका चालू ठेवली.

कामगारांच्या बाबतीत हा पेच अधिक तीव्र झाला. अमळनेर, धुळे, जळगाव आणि चाळीसगाव येथे कापड गिरण्या होत्या. गुरुजींनी अमळनेर व धुळे येथील गिरणी कामगारांच्या संघटनेच्या कामात भाग घेतला. अमळनेरची गिरणी प्रताप शेठ यांची होती. ज्या तत्त्वज्ञान मंदिरात गुरुजी शिकले आणि ज्या शाळेत त्यांनी शिकवले, त्या दोन्ही संस्था याच शेठजींच्या दातृत्वावर उभ्या होत्या. दानशूरपणाबद्दल आदर बाळगूनही वेतनाच्या आणि हक्काच्या प्रश्नावर त्यांनी कामगारांची बाजू घेतली. १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलहांविषयी आणलेल्या कायद्याने संपाच्या हक्कावर बंधने आली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात कम्युनिस्ट आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र आले. कामगारांत काम करणाऱ्या काँग्रेसजनांची स्थिती अशा वेळी अवघड होत असे. त्यांच्या संघटनेची निष्ठा एका बाजूस आणि पक्षाचे सरकार दुसऱ्या बाजूस, अशी ही ओढाताण होती.

कम्युनिस्टांशी जवळीक आणि दुरावा

१९३४ पासून कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. त्यामुळे त्याचे कार्यकर्ते काँग्रेस, काँग्रेस समाजवादी पक्ष आणि कामगार संघटना यांच्या माध्यमातून काम करीत. १९३६ नंतर काही काळ काँग्रेस समाजवादी पक्षाने त्यांना सभासदत्वही खुले ठेवले. खानदेशातील शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत गुरुजींचा या कार्यकर्त्यांशी निकटचा संबंध आला. डाव्या विचारांच्या सर्व गटांनी एकत्र राहावे, असे त्यांना वाटे. त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी पुढे कम्युनिस्ट पक्षाचा मार्ग धरला.

विचारांच्या पातळीवर मात्र गुरुजी मार्क्सवादी झाले नाहीत. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय संस्कृती' या ग्रंथात त्यांनी अद्वैताचा सामाजिक अर्थ मांडला. सर्वांमध्ये एकच चैतन्य आहे असे मानणाऱ्या समाजात एकाने उपाशी राहणे आणि दुसऱ्याने साठवणे हे त्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समाजवाद ही त्यांच्या मते अद्वैताची व्यवहारातील परिणती होती. कम्युनिस्टांना या मांडणीतील ईश्वर आणि धर्म मान्य नव्हता. सनातनी मंडळींना त्यातील समाजवाद आणि जातिभेदाचा धिक्कार खटकत होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० मध्ये गुरुजींना पुन्हा तुरुंगवास झाला. तोपर्यंत समाजवादी आणि कम्युनिस्ट यांची युती तुटली होती. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने लोकयुद्धाची भूमिका घेतली आणि युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला. १९४२ च्या आंदोलनात समाजवादी भूमिगत असताना कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली होती. या प्रश्नावर गुरुजींचा कम्युनिस्टांशी स्पष्ट दुरावा झाला. आर्थिक प्रश्नांवर जवळ असलेली माणसे स्वातंत्र्याच्या प्रश्नावर अशी विरुद्ध बाजूंना गेली.

१९४२ चे आंदोलन

ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाल्यानंतर नेत्यांची धरपकड झाली. साने गुरुजी भूमिगत झाले. मुंबईत अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे आदी समाजवादी कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी काम केले. पत्रके लिहिणे आणि कार्यकर्त्यांचे धैर्य टिकवणे हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता. या आंदोलनात खानदेशाने मोठी किंमत दिली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हे विद्यार्थी मृत्युमुखी पडले.

भूमिगत चळवळीतील काही कार्यकर्ते रेल्वे, तारा आणि सरकारी मालमत्ता यांचा विध्वंस करणे योग्य मानत होते. गांधीजींच्या अहिंसेशी या पद्धती कितपत जुळतात, हा वाद तेव्हा आणि नंतरही चालू राहिला. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या गुरुजींनी या तरुणांचा त्याग मोलाचा मानला आणि त्यांची साथ सोडली नाही. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली. १९४५ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

पंढरपूरचे मंदिरप्रवेश आंदोलन

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हे महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेचे केंद्र असूनही अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे प्रवेश नव्हता. संत चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर बाहेरच आहे आणि शतकानुशतके त्याच्या समाजाचे दर्शनही बाहेरूनच होत असे. स्वातंत्र्य जवळ आले असताना ही स्थिती राहू नये, असे गुरुजींना तीव्रतेने वाटले. १९४६ च्या कार्तिकी एकादशीपासून उपोषण करण्याचा त्यांनी निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांनी तो पुढे ढकलला आणि मधल्या काळात महाराष्ट्राचा दौरा केला. सेनापती बापट आणि राष्ट्र सेवा दलाची कलापथके त्यांच्यासोबत होती. या दौऱ्यात अनेक गावांतील मंदिरे आणि पाणवठे सर्वांसाठी खुले करण्यात आले.

१ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. या उपोषणास अनेक दिशांनी विरोध झाला. बडवे आणि सनातनी मंडळींचा विरोध अपेक्षित होता. मंदिरप्रवेशाचा कायदा सरकार करणारच आहे, मग उपोषण कशासाठी, असा काँग्रेसमधील काहींचा प्रश्न होता. खुद्द गांधीजींनी तारेने उपोषण थांबविण्यास सुचवले. ज्यांच्या मार्गाने आपण चालतो असे गुरुजी मानत, त्यांचाच सल्ला त्यांनी नम्रपणे अमान्य केला. कायद्याने दार उघडेल, पण ते उघडणाऱ्यांचे मन बदलणार नाही, अशी त्यांची धारणा होती. दुसरीकडे दलित चळवळीच्या दृष्टीने हा प्रश्न मागे पडला होता. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या अनुभवानंतर डॉ. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशापेक्षा शिक्षण, राजकीय हक्क आणि धर्मांतर यांवर भर दिला होता.

दादासाहेब मावळणकर यांनी मध्यस्थी केली. मंदिर खुले करण्यास बडव्यांनी संमती दिल्यावर १० मे १९४७ रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पक्षाच्या कार्यक्रमात नसलेला आणि नेत्यांनी थांबवू पाहिलेला हा लढा गुरुजींच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत परिणामकारक कृती मानला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि समाजवादी पक्ष

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी भाषक होता आणि हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले व जाळपोळ झाली. या दोन्ही घटनांनी गुरुजी व्यथित झाले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले.

मार्च १९४८ मध्ये नाशिक येथील परिषदेत समाजवाद्यांनी काँग्रेस सोडून स्वतंत्र पक्ष म्हणून काम करण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला होता, तर विनोबा आणि गांधीजींचे अन्य अनुयायी पक्षीय राजकारणापासून दूर राहून सर्वोदयाचे काम करीत होते. काँग्रेसच्या छत्राखाली एकत्र असलेले अनेक प्रवाह या एका वर्षात वेगळे झाले. साने गुरुजींना यांपैकी प्रत्येक प्रवाहाचा काही भाग आपला वाटत होता. लोकशाही मार्गाने समाजवाद आणावा, या भूमिकेमुळे ते समाजवाद्यांबरोबर राहिले. मात्र पक्षाच्या संघटनेत त्यांनी सत्तेचे स्थान शोधले नाही आणि कायदेमंडळाचे सदस्यत्वही घेतले नाही.

काही महिने त्यांनी 'कर्तव्य' हे सायंदैनिक चालवले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. समाजवादी विचारांशी बांधिलकी असूनही 'साधना' पक्षाचे मुखपत्र झाले नाही. बालसाहित्य, राजकीय भाष्य, अन्य प्रांतांचा परिचय आणि आपल्या पुतणीस उद्देशून लिहिलेली पत्रे यांना त्यात स्थान होते. ही पत्रे पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपात आली. गुरुजींनंतर आचार्य शं. द. जावडेकर, रावसाहेब पटवर्धन आणि यदुनाथ थत्ते यांनी साप्ताहिकाची धुरा सांभाळली. हे साप्ताहिक पुण्यातून आजही प्रसिद्ध होते.

तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात सुचलेल्या विचाराला त्यांनी या काळात 'आंतरभारती' या योजनेचे रूप दिले. भारतीय भाषांतील उत्तम साहित्याचे परस्परांत अनुवाद व्हावेत आणि प्रत्येक तरुणाने मातृभाषेखेरीज दुसऱ्या प्रांताची एखादी भाषा शिकावी, अशी तिची रूपरेषा होती. भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरत असताना भाषांमधील स्नेहाचा हा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी आंतरभारतीचे काम संस्थारूपाने पुढे नेले.

राजकीय विचार आणि मूल्यमापन

साने गुरुजींनी राजकीय सिद्धान्ताचा पद्धतशीर ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे विचार लेख, पत्रे, कादंबऱ्या आणि कृती यांतून गोळा करावे लागतात. धर्म त्यांना त्याज्य वाटला नाही. उच्चनीचतेस आधार देणारा धर्म मात्र त्यांनी नाकारला. अन्य धर्मांविषयी त्यांची दृष्टी आदराची होती. प्रेषित महंमद यांचे चरित्र आणि शिकवण यांवर त्यांनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. राष्ट्रवाद त्यांना प्रिय होता, पण विशिष्ट धर्माच्या आधारावरील राष्ट्रवादाचे ते विरोधक होते.

पक्षनिष्ठेविषयी त्यांचे वर्तन सुसंगत होते की भावनेच्या भरात बदलत गेले, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. टीकाकारांच्या मते त्यांच्या राजकारणात विश्लेषणापेक्षा करुणा अधिक होती. वर्गसंघर्ष आणि सर्वांविषयी प्रेम, किंवा अहिंसा आणि १९४२ मधील भूमिगत कार्य, यांची सांगड त्यांनी तात्त्विक पातळीवर घातली नाही, असा आक्षेप घेतला जातो. उपोषणासारख्या साधनाने समोरच्यावर नैतिक दडपण येते, हाही आक्षेप आहे. याउलट दुसऱ्या मतानुसार त्यांनी बदलले ते केवळ सहप्रवासी. साऱ्याची सूट, कामगारांचे वेतन, मंदिराचे दार आणि भाषांचा स्नेह या प्रत्येक प्रसंगी त्यांची बाजू आधीच ठरलेली होती आणि जो पक्ष त्या प्रश्नावर जवळ असेल त्याच्यासोबत ते चालले.

या भूमिकेची किंमतही त्यांना द्यावी लागली. स्वतःचा गट किंवा संघटना त्यांनी बांधली नाही. त्यामुळे पक्षांच्या निर्णयांवर त्यांचा प्रभाव मर्यादित राहिला. खानदेशातील त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी पुढे काँग्रेस, समाजवादी, कम्युनिस्ट आणि सर्वोदय अशा निरनिराळ्या वाटांनी गेले. या सर्वांनी आपल्या घडणीचे श्रेय गुरुजींना दिले, हे त्यांच्या राजकीय जीवनाचे वैशिष्ट्य मानता येते.

साहित्य

गुरुजींचे बरेचसे लेखन तुरुंगात झाले. 'श्यामची आई' (१९३५) आणि 'श्याम' ही आत्मकथनपर पुस्तके, 'धडपडणारी मुले', 'क्रांती' आणि 'आस्तिक' या कादंबऱ्या, 'पत्री' हा कवितासंग्रह, 'भारतीय संस्कृती' हा वैचारिक ग्रंथ आणि 'गोड गोष्टी' ही मुलांसाठी लिहिलेली मालिका ही त्यांची प्रसिद्ध पुस्तके होत. 'पत्री'मधील राष्ट्रीय कवितांमुळे इंग्रज सरकारने तो संग्रह जप्त केला होता. 'क्रांती' या कादंबरीत शेतकरी-कामगारांच्या चळवळीचे चित्रण आहे. टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा 'कला म्हणजे काय?' हा अनुवादही त्यांनी केला.

साधी भाषा, छोटी वाक्ये आणि भावनेचा ओलावा ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये आहेत. हाच ओलावा काही समीक्षकांना अतिरेकी वाटला. आपले लेखन मुलांसाठी आणि अल्पशिक्षित वाचकांसाठी असल्याने गुरुजींनी शैली बदलली नाही.

मृत्यू आणि स्मृती

स्वातंत्र्यानंतरची विषमता, गांधीहत्या आणि सार्वजनिक जीवनातील ढासळती मूल्ये यांमुळे गुरुजी अखेरच्या वर्षांत उदास असत. ११ जून १९५० रोजी मुंबई येथे झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. यामागील कारणांविषयी त्यांच्या चरित्रकारांनी वेगवेगळी मते मांडली आहेत.

१९५३ मध्ये आचार्य प्र. के. अत्रे यांनी 'श्यामची आई'वर त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. रायगड जिल्ह्यातील वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले आहे. राष्ट्र सेवा दल, आंतरभारती आणि 'साधना' यांच्या माध्यमातून त्यांच्या विचारांवर आधारित उपक्रम चालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांच्या कर्मभूमीत, अमळनेर येथे भरले होते.